फोनवहिनींचा हरवलेला गडगडाट

नाटक मंडळात त्यांना सगळे फोनवहिनी म्हणत. उभी हयात टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेलेली. कानाला हेडफोन, समोर भिंतभर भोकं आणि हातात जोडायच्या तारा: याचा आवाज त्याला पोचव, त्याचा तिला. नव्या मुली घाबरून म्हणत, "बाई, लाइन हरवली." तेव्हा तिथल्या मोठ्या बाई चष्म्यावरून बघत सांगायच्या, "आवाज हरवत नाही गं. तो चुकीच्या घरी जातो. घर शोध." एवढी एक शिदोरी घेऊन फोनवहिनी निवृत्त झाल्या.

घरच नाटकवेडं. धाकटा दीर दिग्दर्शक, नवरा पडदा ओढणारा आणि सासूबाई पहिल्या रांगेत मधोमध बसून चुका काढणाऱ्या. वहिनींच्या वाट्याला आवाज आले. आधी पत्रा हलवून वीज पाडायच्या, नारळाच्या करवंट्या आपटून घोडे पळवायच्या. मग त्यांनी एक जुना लॅपटॉप घेतला, त्यावर लिनक्स नावाची संगणकप्रणाली चढवली आणि त्या चक्क तिच्या प्रेमातच पडल्या. एक्सचेंजच्या फळीचं मागचं दार उघडलं की सगळ्या तारा दिसायच्या, तसंच हेही होतं. कुठली गोष्ट कशाला जोडायची ते साध्या ओळींत लिहिलेलं असायचं. ओळ बदला, यंत्राचा स्वभाव बदलतो. "माणसांचंही असं असतं तर," त्या नवऱ्याकडे बघून म्हणायच्या आणि नवरा पेपर वर धरायचा.

नवं नाटक खुनाचं होतं. वादळी वातावरण, दारात येणारी घोडागाडी आणि पहिल्या अंकाच्या शेवटी पिस्तुलाचा बार. पण दोन तालमींत ऐन वेळी आवाजच आला नाही. घरी यंत्र पोपटासारखं बोलायचं, एरवीच्या तालमींतही बोलायचं आणि या दोन दिवशी मुकं. वहिनींनी केबल बदलली. साउंड कार्ड काढून, पुसून पुन्हा बसवलं. स्पीकरचे सगळे नियम उलटेपालटे करून पाहिले. दोन्ही वेळा तालीम बघायला सासूबाई आल्या होत्या, त्यामुळे मंडळात दृष्ट लागल्याची कुजबुज सुरू झाली.

सासूबाई मात्र दोन्ही वेळा म्हणाल्या, "मला तर सगळं छान ऐकू आलं. गडगडाट काय सुरेख होता."

सगळे हसले. ज्यांना दाराची बेल ऐकू येत नाही, त्यांना न झालेला गडगडाट ऐकू आला. "आई सुनेची बाजू घेतेय, हा खरा गडगडाट," दीर म्हणाला.

प्रयोगाच्या संध्याकाळी तो जिना चढून वरच्या खोलीत आला. प्रेक्षागृहाच्या मागे, छताजवळ, एका खिडकीची ही खोली म्हणजे वहिनींचं राज्य.

"वहिनी, आज आवाज गेला तर पुढच्या प्रयोगापासून बाहेरचा माणूस आणतोय. मंडळाला शब्द दिलाय मी."

"आणा की भाऊजी. जिना चढताना त्याला सांगा, चौथी पायरी मोडकी आहे. मला ती कळायला तीन वेळा पडावं लागलं."

तो हसला नाही. तो गेल्यावर वहिनींनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. या खुर्चीवाचून संध्याकाळी काय करायचं हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. मग रिकाम्या प्रेक्षागृहात त्यांनी गडगडाट वाजवून पाहिला. असा दणका झाला की खाली झाडणाऱ्या बाईने झाडू टाकला. सगळं ठीक होतं.

लोक आले. शेवटच्या घंटेला, नेहमीप्रमाणे, पांढराशुभ्र अंबाडा मिरवत सासूबाई आल्या आणि पहिल्या रांगेत स्थानापन्न झाल्या. पडदा वर गेला. वहिनींनी कळ दाबली.

काही नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर आवाजाच्या पट्ट्या मात्र टणाटण उड्या मारत होत्या. यंत्राला खात्री होती की आपण गर्जतो आहोत.

"केवढा हा गडगडाट," नायिका छातीवर हात ठेवून म्हणाली, "माझं तर काळीजच हललं." कुणीतरी लिमलेटच्या गोळीचा कागद सोलत होतं, तो आवाज नीट ऐकू आला. प्रेक्षक खो खो हसले. वहिनींनी स्पीकरची बटणं होती तेवढी पिळली. स्मशानशांतता.

आणि तेव्हा त्यांना दिसलं. पहिल्या रांगेत एक पांढरा अंबाडा दचकून वीतभर वर उडाला होता.

त्यांनी घोडागाडी सोडली. अख्खं प्रेक्षागृह गप्प. अंबाडा मात्र हळूहळू दाराकडे वळला, गाडी कुठून आली ते बघायला.

वहिनींना एक्सचेंजमधल्या मोठ्या बाई आठवल्या. आवाज हरवत नाही, चुकीच्या घरी जातो. खात्री करायला हवी होती. दुसऱ्या कुठल्या नाटकाचं एक कुत्रं यंत्रात पडून होतं, ते त्यांनी सोडलं. सासूबाईंनी दोन्ही पाय चटकन खुर्चीवर घेतले. वहिनींनी कुत्रं थांबवलं. पाय खाली आले. पुन्हा सोडलं. पाय वर. शेजारच्या बाई वळून बघायला लागल्या. वहिनींनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, नाहीतर प्रेक्षकांना त्या रात्रीचा एकमेव आवाज त्यांचाच ऐकू आला असता.

सगळं लख्ख आठवलं. सासूबाईंची कानातली यंत्रं नवी होती तेव्हा त्यांना गाणी ऐकवायची म्हणून वहिनींनीच ती ब्लूटूथने या लॅपटॉपशी जोडली होती. शिवाय मोठ्या हौसेने एक ओळ लिहिली होती: नवा ऐकणारा आला की आवाज आपोआप त्याच्याकडे वळव. चार दिवसांत सासूबाईंना गाण्यांचा कंटाळा आला. "घरात ऐकण्यासारखं बोलतंय कोण," म्हणत त्यांनी कान डबीत ठेवले. ते निघायचे फक्त बाहेर जाताना. म्हणजे तालमीला, आणि आज प्रयोगाला. वहिनी विसरल्या होत्या, यंत्र विसरलं नव्हतं. आज्ञाधारक पोरासारखं ते दर वेळी आजींना बघताच सगळा खाऊ त्यांच्याच ओंजळीत ओतत होतं.

हाताने आवाज स्पीकरकडे वळवणं सोपं होतं. पण सासूबाईंना कानाशी चाळा करायची सवय. कानातलं यंत्र काढून पुन्हा घातलं की पिस्तूल परत त्यांच्या कानात सुटणार. मूळच उपटायला हवं होतं. वहिनींनी फाइल उघडली. आपलीच जुनी ओळ सापडली, तिच्या आधी त्यांनी एक जाळीसारखी खूण टाकली. ही खूण दिसली की यंत्र ती ओळ वाचत नाही, ओलांडून पुढे जातं. मग आवाजाची सगळी यंत्रणा बंद करून नव्याने सुरू करायची.

खाली अंक संपत आला होता. खाष्ट काकांचं काम करणारे दातांचे डॉक्टर मरायला तयार होऊन उभे होते. नायिकेने पिस्तूल रोखलं. डॉक्टरांनी घाबरून वर खिडकीकडे पाहिलं. बार झाला नाही तर मरायचं कसं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेला होता.

"ही तुझी शेवटची घटका," नायिका म्हणाली. मग म्हणाली, "अगदी शेवटची." मग नाइलाजाने, "यानंतर घटका नाही."

यंत्रणा सुरू झाली. स्पीकर निवडला. वहिनींनी कळ दाबली.

पिळून ठेवलेली बटणं त्या विसरल्या होत्या. असा बार झाला की छतावरची धूळ खाली आली, नवऱ्याच्या हातून दोरी सुटून पडदा सपकन पडला आणि डॉक्टर, ज्यांना रीतसर तीन पावलं मागे जाऊन कोसळायचं होतं, ते जागच्या जागी आडवे झाले. लोक खुर्च्यांवरून उठले, मग भानावर येऊन त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मध्यंतरात दीर जिना चढून वर आला, चौथ्या पायरीवर धडपडून.

"वहिनी, जरा मोठा झाला."

"बाहेरच्या माणसाला सांगा, हळू वाजवेल."

"त्याला चौथी पायरी जमायची नाही," गुडघा चोळत तो म्हणाला. "दुसऱ्या अंकात वीज आहे. कमी पाडा."

दुसऱ्या अंकातली वीज बेताची पडली, पण सगळ्यांवर पडली.

प्रयोगानंतर सगळे चहाला जमले. डॉक्टर अजून एका कानात बोट घालून फिरत होते.

"काय गं, बार फार मिळमिळीत वाजवलास," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "आधीचा गडगडाट कसा, थेट कानात. नंतर सगळं पांचट."

"पुढच्या वेळी बघते, आई."

"आणि तू," त्या लेकाकडे वळल्या. "नाटक बरं बसवलंस. पण ते कुत्रं?"

"कुठलं कुत्रं?"

"अरे, केवढं भुंकलं पहिल्या अंकात, दोनदा. मला वाटलं, आता खुन्याला हेच पकडणार. पुढे त्याचं नावसुद्धा नाही. असं मध्येच सोडायचं नसतं पात्र."

दीर आईकडे बघत राहिला, मग वहिनींकडे. वहिनींनी चहाचा कप तोंडाला लावला तो बराच वेळ खाली आणला नाही.

"आईंचं बरोबर आहे, भाऊजी," त्या अखेर म्हणाल्या. "कुत्र्याचं काहीतरी करायला हवं."