आधी पाणी पी

मेकअपरूममध्ये सतरंजीवर आडवी झाले आहे. दुपारचे साडेतीन वाजलेत, प्रयोग साडेसहाला. डोक्यावरचा पंखा खटखट करतोय. डोळे मिटता मिटता ती खटखट पायमशीनची होते. कूस बदलते, तर समोर बगाडेकाका मशीनवर बसलेत.

मिरजेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. माझा शाळेचा पहिला फ्रॉक त्यांनी शिवला. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. गेले म्हणजे मारले गेले. दुकानाच्या जागेवरून धाकट्या भावानं, नारायणनं मारलं, भरदुपारी, दुकानातच. हे मला झोपेतही ठाऊक आहे. म्हणून मी हलत नाही. हलले तर ते निघून जातील, नाहीतर बोलायला लागतील. मला दोन्हीची भीती वाटते.

"कुठलं नाटक लावलंयस, उल्का?" मान वर न करता ते विचारतात.

"इंग्रजी आहे काका. एलिझाबेथ राणीच्या काळातलं. तिकडंही क्वचितच कुणी करतं."

"खुनाचं?"

"हो."

"कुणाचा खून?"

"कापडाच्या एका व्यापाऱ्याचा. त्याचा सख्खा भाऊच..."

पुढं बोलवत नाही. कारण माझ्या प्रयोगात तो व्यापारी नाहीच. चारशे वर्षांपूर्वीचं लंडन आजच्या प्रेक्षकाला परकं वाटेल, म्हणून मी त्याला शिंपी केलाय. आपल्याकडचा शिंपी. गळ्यात टेप आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

काका चष्मा वर सरकवतात.

आम्ही दुकानात आहोत. मेकअपचे आरसे भिंतीला तसेच आहेत, पण त्यांत रस्त्यावरचं ऊन दिसतंय. मागं फुलाफुलांचा पडदा आहे. पडद्याच्या पलीकडं घर. त्या दुपारी शालनकाकू तिथं मेथी निवडत होत्या. नवऱ्याचं शेवटचं वाक्य त्यांनी तिथून ऐकलं, आणि ते फक्त मला सांगितलं. तेराव्यानंतर एकदा मी त्यांच्याजवळ बसले होते तेव्हा. 'कुणाला सांगू नकोस गं,' म्हणाल्या होत्या, 'लोक त्यांना वेडा म्हणतील.'

मारायला आलेल्या भावाला काका म्हणाले होते, "दमलायस. आधी पाणी पी."

खूप वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही. मग तालमीत खुनाचा प्रवेश काही केल्या रंगेना, आणि एका संध्याकाळी मी ते वाक्य सारंगच्या तोंडी दिलं. सारंग शिंप्याचं काम करतो. वाक्य इतकं चपखल बसलं, की मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

"त्या वाक्याला लोक हसतात का?" काका विचारतात.

पडदा बाजूला होतो. आत घर नाहीच, नाट्यगृह आहे. खुर्च्या भरलेल्या आहेत, पण चेहरे ओळखू येत नाहीत. नुसते खांदे हलताना दिसतात.

"हसतात," मी म्हणते.

"नारायणला?"

"नाही काका. तुम्हाला."

ते मान डोलवतात. शिवायला दिलेलं कापड कमी पडलं की डोलवायचे, तशी.

"भाऊ पाणी पितो, तेव्हा किती वेळ थांबता?"

"पाच आकडे मोजतो."

"कुणी ठरवलं?"

"मी. आधी दोनच होते." सांगताना कानशिलं तापतात. "दोनला थोडे हसायचे. तीनला जास्त. म्हणून वाढवत नेले. सारंग तेवढा वेळ त्याच्याकडं बघत राहतो."

"मी नव्हतो बघत," काका म्हणतात. "पाणी पिणाऱ्याकडं बघत बसलं की माणूस संकोचतो. मी सुईत दोरा ओवत होतो."

पायाखाली चिखल लागतो. लंडनची गल्ली आहे. पाट्या मात्र मराठी. एका दारातून दुसरा शिंपी बाहेर येतो, मी घडवलेला. त्याच्यामागून हशा येतो. काका वाट देण्यासाठी अंग चोरून भिंतीला लागतात. त्यांच्याच चष्म्याचा, त्यांच्याच चालीचा माणूस त्यांच्या अंगावरून जातो, आणि ते त्याला म्हणतात, "सावकाश जा हो, घसरडं आहे."

मला रडू येतं, पण काकांसमोर रडण्याचीही लाज वाटते.

"काका, मला माफ करा."

"माझं काय घेऊन बसलीस?" गल्ली नाहीशी झाली आहे. आम्ही पुन्हा दुकानात आहोत, आणि ते टेप सोडवताहेत. "आज शालन येणार आहे ना?"

हे त्यांना कसं कळलं, मी विचारत नाही. काकूंनी स्वतः तिकीट काढलंय. आमच्या उल्काचं नाटक आहे म्हणून. सकाळी तिकीटखिडकीवरच्या माणसानं मला हे हौसेनं सांगितलं, आणि तेव्हापासून मी जेवलेली नाही.

"तिला काय सांगू?"

"ताठ उभी राहा."

मी उभी राहते. ते खांद्यावरून टेप लावतात, पुटपुटत आकडा म्हणतात. कुणी माझं इतकं नीट माप घ्यावं अशी माझी लायकी नाही, असं वाटत राहतं.

"कुणी काही विश्वासानं दिलं असेल," ते म्हणतात, "तर हरवलं म्हणून खोटं सांगू नये. मी विकलं, असं सांगावं."

मग कापडावर खूण करायचा निळा खडू घेतात आणि माझ्या खांद्यावरून एक रेघ ओढतात, सावकाश.

"उल्काताई!"

पंखा बंद पडलाय. दारात सारंग उभा आहे, चष्मा लावून, गळ्यात टेप. क्षणभर मला त्याच्याकडं बघवत नाही.

"साडेपाच वाजले. तुमच्या त्या बगाडेकाकू लवकर आल्यात. खाली पहिल्या रांगेत बसल्यात एकट्याच."

"सारंग, ते पाण्याचं वाक्य आज नाही."

"काय? अहो, तिथंच तर प्रयोग उचलतो."

"माहीत आहे. पाणी नाही, वाक्य नाही. आजही नाही आणि यापुढंही नाही. चष्मा आणि टेपही काढ. मी खाली जाऊन काकूंना सांगून येते."

"काय सांगणार?"

"मी काय केलं ते."

तो गोंधळून टेप काढतो. मी जिन्याकडं वळते, तसा मागून म्हणतो, "ताई, खांद्याला काय लागलंय?"

आरशात बघते. कुडत्यावर गळ्यापासून बाहीपर्यंत एक निळी रेघ आहे. पट्टीनं मारल्यासारखी सरळ. आमचे कपडे भाड्याचे, तयार येतात. इथं कुणी काही बेतलेलं नाही. बोट लावते, तर बोटावर निळी पूड येते.

झटकायला वर गेलेला हात मी खाली घेते, आणि तशीच जिना उतरायला लागते.