हातानं पोचवलेल्या साड्या

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. कोणी विषय काढला की ‘तो साड्यांचा धंदा काही चालला नाही’ म्हणून मोकळा व्हायचो. धंदा चांगला चालला होता. तो का बुडाला, हे फक्त मला ठाऊक आहे.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा होऊन बरीच वर्षं झाली होती. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त होऊन मी मोहाडीजवळच्या गावी परतलो होतो. शेजारी कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणणारं जोडपं. तो माझ्याहून थोडा मोठा, मागावर बसायचा. बायको कोशातून सूत काढायची, उघड्या मांडीवर धागा वळून वळून तिथली कातडी काळी पडलेली. ती मला भाऊजी म्हणायची आणि मी तिला वहिनी.

त्यांच्या साड्यांचे फोटो इंटरनेटवर टाकायची कल्पना माझी. ऑनलाइन पैसे घेणाऱ्या एका सेवेत माझ्या नावानं खातं उघडलं, कारण इंग्रजी आणि कॉम्प्युटर दोघांपैकी कोणालाच येत नव्हतं. त्या सेवेचं विक्रेत्याला एक आश्वासन असायचं. गिऱ्हाइकानं ‘माल मिळालाच नाही’ अशी खोटी तक्रार केली, तरी माल दिल्याचा पुरावा असेल तर विक्रेत्याचे पैसे जाणार नाहीत. घेणाऱ्याच्या सहीची चिठ्ठी पुरावा म्हणून चालायची.

आमच्याकडे ते सोयीचंच होतं. लग्नाचा कोसा नवरीच्या घरी विणणाऱ्याच्या बाईनं स्वतः न्यायचा आणि ओटी भरून घेऊन परतायचं, अशी त्यांच्या घरची रीत. मी एकदा पार्सलचं सुचवून पाहिलं होतं.

“नवरीचं कापड डब्यात कोंबून धाडाचं का, भाऊजी? अन् तुमच्या पोस्टाचं मले नका सांगू. माझ्या मावशीच्या लग्नाची पत्रिका आमाले तिले पोरगं झाल्यावर आली होती.”

नवरा मागावरून हसला. मीही हसलो. वहिनी एसटीनं जायची, साडी द्यायची, सही घ्यायची.

मग परदेशातल्या एका बाईची ऑर्डर आली. भाचीचं लग्न भंडाऱ्याला होतं. मानाच्या सगळ्या साड्या कोशाच्या हव्या होत्या. दोघांचा अख्खा हिवाळा त्यात गेला. पैसे आधीच आले आणि सूतवाल्याला देण्यात, घरावर पत्रे टाकण्यात संपलेही. वहिनी नवं लुगडं नेसून साड्या देऊन आली. येताना ओटीतलं खोबरं आमच्याही घरी दिलं.

ते लग्न मोडलं. दोन घरांत काय बिनसलं कोण जाणे. साड्या कोणाकडे राहिल्या तेही कळलं नाही. परदेशातल्या बाईनं मात्र सेवेकडे तक्रार केली की माल मिळालाच नाही. मी सहीच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. उत्तर आलं, हा पुरावा चालत नाही. पुन्हा पाठवला, विनवण्या करून लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, शब्दही तेच. भंडाऱ्याला त्या घरी आम्ही तिघं गेलो. आतून बाईचा आवाज आला, “आमाले काई मालूम नाई,” आणि कडी लागली. वहिनी बंद दारापुढे म्हणत राहिली, “अवो बाई, तुमीच तं माझी ओटी भरली ना!”

सेवेनं पैसे परत ओढून घेतले. खातं उणे झालं.

त्या दिवशी माझ्या घरी मी कॉम्प्युटरपुढे बसलो होतो. तो बाजूच्या खुर्चीवर, वहिनी दाराशी उभी. कारण शोधता शोधता मला सेवेचाच एक जुना मेल सापडला. विक्रेत्याच्या संरक्षणाचे नियम बदलले होते. यापुढे हातानं दिलेल्या मालाला संरक्षण नाही. माल पार्सलनंच गेला पाहिजे, तोही गिऱ्हाइकाच्या खात्यावर नोंदलेल्या पत्त्यावर. हा मेल ऑर्डरच्या कितीतरी आधी आलेला होता. आणि मी तो उघडलेला होता. तेव्हा वरच्या दोन ओळी पाहून, नेहमीचंच काहीतरी असेल म्हणून बंद केला होता. जन्मभर लोकांना ‘नीट वाचून सही करा’ म्हणणारा मी.

“काय लिहून आहे जी त्यात?” त्यानं विचारलं.

मी म्हणालो, “लिहून आहे, पार्सल न करता हातानं दिलं, म्हणून पैसे गेले.”

यात एक शब्दही खोटा नव्हता. तो सावकाश दाराकडे वळला.

“आयकलं? मास्तर तवाच म्हणत होता पार्सल करू. तुयाच हट्टानं बुडवलं.”

त्याच क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी मेल बंद केला.

त्यानं माग विकला आणि खात्यात भरायला पैसे माझ्या हातात आणून ठेवले. मी ते घेतले. तो भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेवरच्या गोदामात चौकीदारीला लागला आणि वहिनी दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणीला जाऊ लागली. भिंतीपलीकडून जेवणाच्या वेळी त्याचा आवाज यायचा, “आता नेऊन दे हातानं!” मी घास गिळायचो.

कितीदा तरी ठरवलं. अंगणात जायचो, चहा पिऊन परत यायचो. शेवटी ती आजारी पडली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तिला भेटायला निघालो, तेव्हा एसटीत सगळी वाक्यं मनात लावून ठेवली होती. खाटेजवळ बसलो. मी बोलायच्या आत तिनंच हात जोडले.

“भाऊजी, माझ्या हट्टापायी तुमचं नाव खराब झालं. मले माफ करा जी.”

आणि मी म्हणालो, “असू द्या, वहिनी.”

मी तिला माफ केलं. त्याच आठवड्यात ती गेली.

तो आता लाखांदूरला मुलीकडे असतो. हे छापून आलं की मुलगी त्याला वाचून दाखवेल. त्याला काय वाटायचं ते वाटो. पण एसटीत जुळवलेली ती वाक्यं त्याच्यासाठी नव्हतीच.

वहिनी, चूक तुमची नव्हती. तो नियम बदलल्याचं मला कळवलं होतं, मी वाचलं नाही, आणि तुम्ही दाराशी उभ्या असताना ते लपवलं. मला माफ करा.