अळंबीचे इन्स्पेक्टर

आमच्या मामेसासऱ्यांच्या हातून दोष न निघता सुटलेली वस्तू अजून जन्माला यायची आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म माल तपासण्यात घालवला आणि निवृत्तीनंतर ते खातं जसंच्या तसं टिटवाळ्याच्या घरी आणलं. आंबे, चपला, लग्नाची स्थळं, सगळ्यांचा निकाल दोनच शब्दांत: पास किंवा रिजेक्ट. आमचं लग्न ठरताना मला उभा-आडवा न्याहाळून ते भाचीला म्हणाले होते, "पास. बारीकसारीक दोष आहेत, पण चालतील." ते दोष कोणते, हे आमची ही मला अजून सांगत असते.

श्रावणात या स्वभावाला खरं तेज चढायचं. माळावरच्या वारुळांपाशी रानअळंबी उगवली की मामा पहाटेच टोपली घेऊन जायचे आणि आल्यावर अंगणात वर्तमानपत्र पसरून एकेक तपासायचे. छत्रीखालच्या पाकळ्या, देठावरचं कडं, मातीतून अलगद उकरलेलं बूड, वास. शेजारची सून एकदा म्हणाली, "काका, भाजीत चांदीचं नाणं टाका ना. काळं नाही पडलं की चांगली." मामा म्हणाले, "अगं, नाणं लखलखीत राहतं, माणूस काळानिळा पडतो." एकीची शंका आली तर तिला चिकटलेल्याही अंगणातल्या खड्ड्यात जायच्या. मग खोबरं-कांद्याचं वाटण लावलेली भाजी पानात पडली, की व्याख्यान: "प्रथिनं आहेत, तंतू आहेत, चरबी नावाला. मटण काय करतंय हिच्यापुढे." नक्की किती प्रथिनं, असं विचारलं की म्हणायचे, "जावईबापू, गार होतंय, जेवा."

गेल्या श्रावणात आम्ही बाळकुमच्या आमच्या घरून टिटवाळ्याला गेलो, तोवर त्यांची नजर बरीच अधू झाली होती. तरी टोपली भरलेली होती. एक अळंबी नाकाशी धरून ते खिडकीपाशी कितीतरी वेळ उभे राहिले. ही म्हणाली, "मामा, आपली नेहमीचीच ना ही?"

"बहुतेक," मामा म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नव्हता, आणि बहुधा त्यांनीही. ते तसेच अंगणात गेले, सगळी टोपली खड्ड्यात उलटी केली आणि हात झटकत म्हणाले, "माल पास असेल. इन्स्पेक्टर रिजेक्ट झाला."

त्या दिवशी आम्ही मुगाची आमटी आणि भात खाल्ला. "असं काय मामा, तुम्ही पास आहात," असं म्हणावंसं मला फार वाटत होतं. पण माणूस कितीही लाडका असला तरी खोटा शेरा मारायचा नाही, हे मी त्यांच्याच पंक्तीला शिकलो होतो. मी नुसती आमटी वाढली.