वसईहून ठाण्याला, रिव्हॉल्वर आणायला

सकाळची एस.टी. धरून ठाण्याला गेले ती देवदर्शनाला नव्हे, रिव्हॉल्वर विकत घ्यायला. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी इथेच थांबावं. लिहायचं कारण एवढंच की परवाना हातात पडला तेव्हा कुठं जायचं, काय घ्यायचं, शिकवतं कोण, हे सांगणारं मला कोणी भेटलं नाही. पुरुषमंडळी हसली. माझ्यासारखी आणखी कोणी निघाली तर तिला उपयोग होईल. माझी शाळा तिसरीपर्यंत, चुका निघतील. त्या काढत बसू नका.

आमची वाडी समुद्राच्या बाजूची. केळी, पानवेल, थोडा मोगरा. आधी तिकडे तुळिंजला चाळी उठल्या, मग जमिनी मागणारी माणसं हळूहळू आमच्या कुंपणापर्यंत आली. आमचे हे दरवेळी नाही म्हणाले. मार्गशीर्षात एका सकाळी पंप चालू करायला विहिरीवर गेले, ते मला पाटात पडलेले सापडले. डोक्यात लोखंडी कांब घातलेली. इस्पितळात होते तेवढे दिवस डोळे उघडे, पण शब्द नाही, आणि तसेच गेले. कोणत्या तिघांनी केलं ते सगळ्या आळीला ठाऊक आहे. तिघांतला एक अजून नाक्यावर चहा पितो आणि मला विचारतो, "काकी, मग काय ठरवलंत?"

वाडी मी विकणार नाही, तिथंच राहणार. त्यासाठी हा सगळा खटाटोप. लेक आगाशीला दिलेली, ती रविवारी नातीला घेऊन येते. छबी तिचं नाव, चार वर्षांची. ही वाडी उद्या तिची. आली की पहिला हात माझ्या ओटीत. पहाटे मोगरा मी लुगड्याच्या ओटीतच खुडते, आणि फुलं काढली की तिथं चिंचा, बोरं, भाजलेले चिंचोके, काहीतरी असतंच. ते तिला पाठ आहे. आता माझी ओटी कोणी नारळ-तांदळाने भरणार नाही, पण छबीला त्याचं काय!

परवान्याला वर्ष गेलं. पुढल्या वर्षीच्या फाल्गुनात मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी निघाले. बरोबर नणंद अनसू. माझ्याहून लहान, पण तोंडाने मोठी. तिच्या सख्ख्या भावाला मारलं, तेव्हा ती येणारच.

रस्ता कामणवरून भिवंडी आणि मग ठाणे. उजवीकडची खिडकी घेऊ नका, ऊन तिकडून येतं. कामणच्या पुढे डोंगर जवळ येतो, पळस फुललेला होता, रस्त्याला खड्डे इतके की पोटातला चहा हलतो. भिवंडीत मागांचा खडखडाट एस.टी.च्या इंजिनावरही ऐकू येत होता. हे असते तर म्हणाले असते, बघ, इथली माणसं झोपतात कशी. मी वळून सांगायला गेले. शेजारी अनसू पेंगत होती.

भिवंडी सुटल्यावर ती जागी झाली आणि माझ्या मोकळ्या मनगटांकडे बघत म्हणाली, "वहिनी, पाटल्या विकून लोक काशीला जातात."

"मला काशी नको. मला घरी राहायचंय."

 

ठाण्यात स्टँडवरचा चहा पिऊ नका, पाक देतात. वडा चांगला. हत्याराचं दुकान साडीच्या दुकानाला लागून आहे आणि पाटी लहान, म्हणून दोनदा पुढे गेलो. आत गेलो तर दुकानदार आमच्या पाठीमागे दाराकडे बघत राहिला.

"साहेब गाडी लावतायत का?"

"साहेब गेले म्हणून तर मी आलेय," मी म्हटलं.

मग त्याने खुर्च्या दिल्या, परवाना नीट वाचला. माणूस वाईट नव्हता. आधी त्याने एक चपटं पिस्तूल काढलं. दिसायला देखणं, पण अडकलं तर काय करायचं हे सांगायलाच त्याला इतका वेळ लागला की मी ते परत सरकवलं. मग एक लांब नळीचं रिव्हॉल्वर. ते कमरेला लावून बसले तर नळी मांडीत रुतत होती. तिसरं आखूड, विलायती, कोणीतरी वापरून विकलेलं. पण त्याचा मागचा घोडा टोकदार. मी ते पदराखालून ओढून बघितलं तर लुगड्याचा दोरा धरून बसलं.

"बाईमाणसं पर्समध्ये ठेवतात," तो म्हणाला.

"पर्स घेऊन केळीला पाणी लावू का?"

अनसू फिसकन हसली. तोही हसला. मग मागच्या खोलीत जाऊन त्याने जे आणलं त्याचा घोडा आत दडलेला होता, वरून गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखं. ते तीनचार वेळा ओटीतून काढून बघितलं, कुठं अडकलं नाही. तेच घेतलं. बायांनो, रंगरूप बघू नका. तुम्ही रोज जे नेसता ते नेसून जा आणि त्यातून काढून बघा.

कातडी म्यान त्याने फुकट देऊ केलं, पण ते पट्ट्यात अडकवायचं. नऊवारीला पट्टा कुठला! तेव्हा त्यानेच सांगितलं की परतीच्या वाटेवर कामणला उतरा, तिथं लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार आहेत, ते शिकवतात.

हवालदारांचं घर डोंगराच्या पायथ्याशी, मागे परसात केळी आणि त्यामागे मातीचा उभा कडा. आम्ही पोचलो तर ते म्हशीला पाणी दाखवत होते. माझं सगळं ऐकलं आणि विचारलं, "कोणाला मारायचं मनात आहे?"

"तिघांना," मी म्हटलं. खोटं मला पटकन सुचत नाही.

"मग मी शिकवत नाही." आणि पुन्हा म्हशीकडे वळले.

अनसू उसळली. "तिच्या नवऱ्याला मारलंय! ती काय ओवाळील त्यांना?"

"ओवाळू नये. पण हे त्यासाठी घेतलं असेल तर बाई तुरुंगात, आणि जमीन त्यांनाच."

त्यांची बायको, काशीबाई, मला हाताला धरून ओट्यावर घेऊन गेली. "पानी प्या आधी," ती म्हणाली. मी पाणी प्याले आणि रडले. विहिरीवरच्या त्या सकाळीही रडले नव्हते. हवालदार किती वेळ समोर उभे होते कोण जाणे. मग म्हणाले, "त्या घरात जगायचंय एवढंच ठरवा, मग शिकवतो." मी मान हलवली. मन तेवढं पटकन हलत नाही, पण मान हलवली.

दोन दिवस राहिलो. पैसे घेतले नाहीत. अनसू भाकऱ्या थापायला लागायची, तेवढंच. पहिला धडा नेमाचा असेल असं वाटलं होतं, तर पहिला धडा मागे सरकायचा. वाट मोकळी असेल तर निघून जायचं, ओरडायचं, दार लावायचं. काहीच उरलं नाही तर हे. मी म्हटलं, "पळायला शिकायला ठाण्याला जायची गरज नव्हती." ते म्हणाले, "होती. हातात हे आलं की माणूस पळायचं विसरतो."

मग परसात नेलं. नेम धरायला त्यांनी केळीचा खांब ठेवला होता. मी आधी विचारलं, "घड काढलाय ना?" काढला होता. पोटात घड असलेल्या केळीवर मी बार टाकला नसता, त्यांनी काही म्हटलं असतं तरी. पहिल्या बाराला डोळे मिटले आणि गोळी कड्यात गेली. दुसऱ्याला हात झिणझिणले. नंतर लागली. पुढे बोटाएवढं भोक, मागे खांब फाटलेला, आणि पाणी गळायला लागलं. उभी हयात मी केळी कापली, ते पाणी लुगड्यावर पडलं की डाग जात नाही हे मला सांगायला नको. पण तेव्हा बघत राहिले. इस्पितळात नेलेल्या ह्यांच्या उशीवरचा डाग तसाच राहिला होता, कितीही धुतला तरी.

"पुढली भरा," हवालदार म्हणाले. भरली.

ठेवायची सोय काशीबाईने केली. हवालदारांच्या जुन्या खाकी पिशवीच्या कापडाचा तिने खिसा शिवला, कमरेला नाडीने बांधायचा, ओटीच्या आत. मग मला अंगणात चालायला लावलं, वाकायला लावलं, हंडा उचलायला लावला. ती लांबून बघत होती.

"काही दिसत नाही हो. बाईच्या ओटीत काय, फार तर चिंचा!"

निघताना हवालदार एस.टी.पर्यंत आले. म्हणाले, "जागा बदलायची नाही. रोज तिथंच. हात विचार न करता तिथं गेला पाहिजे. आणि तिथं दुसऱ्या कोणाचा हात जाऊ द्यायचा नाही."

घरी आल्यावर मी तसंच केलं. सकाळ-संध्याकाळ, गोळ्या काढून, भिंतीकडे तोंड करून, हात ओटीत आणि बाहेर. नाक्यावरचा तो एकदा कुंपणाशी आला. "काकी, काय ठरवलंत?" मी दारात उभी राहून म्हटलं, "इथंच आहे." तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग गेला. त्याने काय पाहिलं माहीत नाही. मी मात्र घाबरले नव्हते. म्हणजे प्रवास फुकट गेला नाही, असं धरा.

रविवारी लेक आली. मी पाठमोरी, केळीची पानं पुसत बसलेली. छबी धावत आली आणि नेहमीसारखा मागून हात ओटीत घातला.

माझा हात विचार न करता गेला. तिचं मनगट धरून मी पिरगळलं आणि तिला ढकललं. सगळं होऊन गेलं आणि मग मला कळलं की ती छबी आहे. ती रडली नाही. खाली बसून नुसती बघत होती. मनगटावर माझी बोटं उठलेली.

"आई, अगं काय करतेस!" लेक ओरडली. मग मी ओटी उघडून दाखवलं. तिने ते बघितलं, पोरीला उचललं आणि म्हणाली, "मी हिला इथं आणू की नको, तेवढं सांग."

आण, म्हटलं. आणते ती. वाडी आहे, मी आहे, केळीला पाणी जातं. मोगरा आता टोपलीत खुडते. जायचं असेल तर जा, बायांनो, मी नको म्हणणार नाही. पण निघायच्या आधी बघा की तुमच्या अंगाला कोण कुठं हात लावतं.

छबी आता धावत येत नाही. दोन हात लांब उभी राहते, आपल्या फ्रॉकचा घोळ दोन्ही हातांनी पुढे धरते, आणि मी लांबूनच त्यात चिंचा टाकते.