टोपीखालचा कांदा

शहाजी माने आटपाडीकडचा. आखातातल्या दोह्यात एका कॉलेजात तो पाण्याचा टँकर चालवी. अल नस्र वस्तीतल्या एका खोलीत आठ माणसं राहायची, त्यातला तो एक. टँकरवाल्यांना दोन वर्षांनी एकदा पंचेचाळीस दिवसांची रजा. मागच्या रजेत तो घरी गेला तेव्हा त्याची चार वर्षांची विठा आईच्या पदराआडून त्याच्याकडे बघत राहिली आणि तिसऱ्या दिवशी आईला म्हणाली, "ह्ये पाव्हणं कवा जाणार?"

त्याच्या बायकोने, सत्यभामेने, पोरीच्या पाठीत धपाटा घातला. शहाजी हसला. पण ते वाक्य त्याच्या बॅगेत बसून दोह्याला आलं.

१९७९ च्या मे महिन्यात कॉलेजच्या कर्मचाऱ्यांची मुलं शाळेत नेणाऱ्या बसचा ड्रायव्हर कामावरून गेला. एका दुपारी त्याने मुलं घरी आणली ती एक कमी. ती मुलगी शाळेच्या फाटकाशी रडत उभी होती, आणि हा पाच आयांसमोर म्हणत होता, "आज ती आलीच नव्हती."

शाळेची बस चालवणाऱ्याला शाळेइतकीच सुट्टी. दरवर्षी, उन्हाळ्याचे दोन महिने. हे कळलं आणि शहाजी इस्त्रीचा शर्ट घालून मुनाफभाईंच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला.

मुनाफभाई रत्नागिरीचे, कॉलेजच्या सगळ्या गाड्या त्यांच्या हाताखाली. ते म्हणाले, "सही माझी असते रे, पण निर्णय हमिदाचा. आमची तीन पोरं त्याच बसने जातात."

हमिदाभाभींनी अल सद्दच्या फ्लॅटच्या दारातच शहाजीला वरून खालपर्यंत बघून घेतलं.

"पोरं सांभाळलीस कधी?"

"टँकर सांभाळतो भाभी. दहा वर्सं. थेंब सांडला न्हाई."

"टँकरला शी-शू होत नाही." त्या विचारात पडल्या. "गुरुवारी कॉलेजची फुटबॉलची मॅच आहे. पोरांनी महिनाभर डोकं खाल्लंय. आमची तीन आणि वरच्या मजल्यावरची तीन, सहा जणांना घेऊन जा. जशी नेशील तशी आण. कुणाला ऊन लागता कामा नये. मी एकेकाच्या कपाळाला हात लावून बघणार. मग बोलू."

गुरुवारी चार वाजता पारा बेचाळिसावर. शहाजीला उन्हावरचा उपाय एकच ठाऊक होता, आईने बाजाराच्या दिवशी त्याच्यावर केलेला: टोपीखाली कांदा. त्याने खोलीतल्या माणसांच्या ट्रंका उघडायला लावल्या आणि गावी जाताना घालायच्या ठेवणीतल्या सहा गांधी टोप्या मागून आणल्या. टोप्या पोरांच्या नाकापर्यंत येत होत्या. आत कांदा ठेवल्यावर बरोबर बसल्या.

"आय अ‍ॅम नॉट वेअरिंग अ कांदा," नऊ वर्षांची अजरा म्हणाली.

"नॉट-बिट काय न्हाई. माझ्याबी डोक्यावर हाय बघ." शहाजीने आपली टोपी उचलून दाखवली.

तेव्हा सगळ्यांनी घातल्या. सात वर्षांच्या वलीने विचारलं, "अंकल, कॅन वी ईट इट आफ्टर?"

मैदानावर बसायला लोखंडी बाकं होती. पोरं बसली आणि लगेच उठली. शहाजीने पोती अंथरली. मग लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पाजलं. दहा मिनिटांनी पुन्हा पाजलं. विसाव्या मिनिटाला सहाही जण पाय आवळून उभे. संडास गोलच्या मागे, मैदानाच्या पार टोकाला. शहाजीने चार फेऱ्या मारल्या. पाचव्या फेरीला त्याने पोती उचलली आणि बिऱ्हाड गोलच्या जाळीमागेच थाटलं. मध्यंतरापर्यंत त्याने मॅचचा एक पायसुद्धा बघितला नव्हता.

मुनाफभाईंनी सांगितलं होतं, दर पंधरा मिनिटांनी पोरं मोज. पण सहा पोरं एका जागी ठरतील तर ना. शहाजीने युक्ती काढली. तो टोप्या मोजू लागला. पांढऱ्या टोप्या लांबूनही दिसत. सहा म्हणजे सहा.

दुसऱ्या अर्ध्यात एक-एक बरोबरी होती. चार वर्षांच्या जहूरला डोक्यावरच्या ओझ्याचा कंटाळा आला. त्याने टोपी काढली, कांद्याचा एक चावा घेतला, तोंड वाकडं केलं आणि कांदा दोन्ही हातांनी भिरकावला. जाळीच्या बाजूने तो गोलसमोर घरंगळत गेला. नेमका त्याच क्षणी पलीकडच्या संघाने चेंडू मारला. कॉलेजच्या गोलकीपरच्या डोळ्यांत समोरचं ऊन. त्याला काहीतरी गोल येताना दिसलं आणि त्याने जिवाच्या आकांताने झेप घेतली. कांदा अप्रतिम अडवला. चेंडू आत गेला.

शिट्टी वाजली. रेफरीने गोलकीपरच्या हातातून कांदा घेतला, उंच धरला आणि जाळीमागे बघत गरजला, "बसल?"

कांद्याला अरबीत काय म्हणतात हे किराणा आणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. सगळ्या पोरांनी एकाच वेळी शहाजीकडे बोट दाखवलं. अजराने तर दोन हातांनी.

पाहुण्यांच्या खुर्च्यांमागे उभ्या मुनाफभाईंनी डोकं धरलं. दोन महिन्यांची सुट्टी त्या लाल कांद्यावर बसून निघालेली शहाजीला दिसली. तो पुढे झाला. अरबी येत नव्हती, हिंदी सुचेना. त्याने आपली टोपी काढली, डोक्यावरचा कांदा काढून दाखवला, वर सूर्याकडे बोट केलं, जीभ बाहेर काढून बेशुद्ध पडल्याची नक्कल केली आणि परत कांदा डोक्यावर ठेवून तरतरीत उभा राहिला.

घामाने निथळणारा रेफरी त्याच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "यल्ला, यल्ला," म्हणजे चला, आटपा, आणि गोल रद्द केला. मैदानात परका जिन्नस आला म्हणून. पलीकडच्या संघाने आरडाओरडा केला, पण मॅच बरोबरीतच सुटली. जाताना रेफरीने कांदा खिशात टाकलेला अजराने पाहिला.

"खलास," मुनाफभाई शहाजीला एवढंच म्हणाले. "पोरं घरी ने. मी मागून येतो."

बसच्या दारात शहाजीने जहूरच्या डोक्यावर टोपी परत चढवली आणि मोजलं. सहा टोप्या. त्याने बस सुरू केली. वाटभर काचेत विठाचं तोंड दिसत होतं.

हमिदाभाभी दारात हात पुसत उभ्याच होत्या. त्यांनी कपाळांना हात लावायला सुरुवात केली. "एक. दोन. शी, काय हा कांद्याचा वास! तीन. चार. पाच." शहाजीच्या खांद्यावर झोपलेला जहूर. "सहा. थंडगार आहेत हो सगळी." मग त्या थांबल्या. "आणि हा कोणाचा?"

पायऱ्यांवर सातवा उभा होता. आठेक वर्षांचा, डोक्यावर गांधी टोपी, टोपीत कांदा. त्याच्या शेजारी आत्ताच मोजून झालेला वली, बोडका, हातात संत्र्याच्या सरबताची रिकामी बाटली.

शहाजी पायरीवरच बसला.

इतक्यात मुनाफभाई आले. त्यांनी अरबीतून विचारलं. पोराचं नाव मजीद. कॉलेजच्या गोलकीपरचा धाकटा भाऊ. वलीला सरबत देऊन टोपी घेतली होती. टोपीवाले सगळे बसमध्ये चढले, म्हणून तोही चढला.

"वली, तू काही बोलला का नाहीस?" मुनाफभाई ओरडले.

"नोबडी आस्क्ड," वली म्हणाला.

मुनाफभाईंनी कॉलेजात फोन लावला. गोलकीपर तिथे बाकांखाली भाऊ शोधत होता. तो येईपर्यंत मजीदने हमिदाभाभींच्या हातची पाच घावनं नारळाच्या रसात बुडवून खाल्ली. गोलकीपर मोजे घातलेल्या पायांनीच जिना चढून आला, भावाला बघून त्याने आधी एक टपली मारली आणि मग शहाजीला बघून हसायला लागला तो थांबेचना. टोपी परत द्यायला मजीद तयार नव्हता. तशीच नेली.

शहाजी उभा राहिला. "भाभी, चुकलं. मी टोप्या मोजल्या. येतो."

"कुठे येतोस? बस." हमिदाभाभींनी त्याच्यापुढे घावनं ठेवली. "आधीच्याने एक कमी आणलं होतं. याने एक जास्त आणलं." त्या नवऱ्याकडे वळल्या. "जास्तीचं परत करता येतं. सही करा."

"अगं, पण त्या कांद्याने भर मॅच..."

"कपाळं थंड आहेत. सही करा." मग शहाजीला, "यापुढे तोंडं मोजायची. टोप्या नाहीत."

"इन्शाल्ला," शहाजी म्हणाला, आणि त्याने घावन रसात बुडवलं.

जूनच्या शेवटी तो घरी पोचला. विठा दाराशी आली, तिने त्याच्या बॅगेकडे आणि मग त्याच्याकडे नीट बघितलं.

"पाव्हणं, कवा जाणार?"

"साठ दिवसांनी."

विठाला विसापर्यंतच मोजता येत होतं. तिने बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि शेवटी नाद सोडला.

"मग बसा की," ती म्हणाली.