आधी जीभ दाखव

आमच्या रांजणआत्याला बेंबळी गावातल्या पोरांची नावं कधी पाठ झाली नाहीत, पण जिभा सगळ्यांच्या पाठ होत्या. उन्हाळा लागला की चावडीपुढच्या कडुलिंबाखाली तिचा रांजण मांडला जायचा. खाली ओली वाळू, भोवती ओलं गोणपाट आणि शेजारी पाय पसरून ती. मैदानाकडं जायची वाट तिच्यापुढूनच होती. पोर दिसलं की हुकूम सुटायचा, "ए गुरवाच्या, आधी जीभ दाखव!" ओली दिसली तर एक फुलपात्र पाणी पिऊन सुटका. कोरडी दिसली तर दोन फुलपात्रं आणि अर्धा तास तिच्याशेजारी मुक्काम. सरपंचाच्या नातवालाही सूट नव्हती. त्यानं एकदा "माझे आजोबा कोण आहेत माहीत आहे का?" असं विचारलं, तर म्हणाली, "माहीत हाय. त्याचीबी जीभ बघितलीय म्या."

घड्याळ तिला कळत नव्हतं आणि लागतही नव्हतं. "सावली तुज्यापरीस बुटकी झाली का सावलीला यायचं. तुज्याएवढी लांब झाली का परत खेळाय जायचं." एवढाच कायदा. विटीदांडू, लंगडी सकाळ-संध्याकाळ. मधल्या वेळात लिंबाखाली चिंचोके नाहीतर सागरगोटे. एका बहाद्दरानं सावली लांब दिसावी म्हणून दोन्ही हात आभाळाकडं ताणले. आत्या जागची हललीसुद्धा नाही. "हात खाली घे रं. उनाला तुजं हात दिसत न्हाईत, टाळकं दिसतंय."

रांजणामागं तिचा चपलांचा ढीग असायचा. गावात जिथं एकटी पडलेली चप्पल दिसेल तिथून ती उचलून आणायची. अनवाणी आलेल्या पोराला त्यातल्या कुठल्याही दोन घालाव्या लागत. एका पायात बापाची, दुसऱ्या पायात कुणाच्या तरी आजीची. आमच्या मैदानावर अशी पोरं फटक-फटक करत लंगडी खेळायची, तेव्हा एसटीतून जाणारे लोक खिडकीतून माना काढून बघायचे.

मला मात्र ही बाई अजिबात पटायची नाही. नात्यानं ती ह्यांची चुलत आत्या. नवऱ्यामागं माहेरी येऊन राहिलेली. मी धाराशिवची, मॅट्रिक पास. (गणितात दुसऱ्या खेपेला. हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.) गावात आले तेव्हा मला वाटायचं, इथं शहाणपण घेऊन येणारी मीच पहिली. आत्या पोरांच्या डोक्यावर ओली फडकी टाकायची, तेव्हा मी नाक मुरडायची. एकदा मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "आत्या, पोरांना जरा मोकळं खेळू द्या की."

"खेळावं म्हणूनच बसलेय गं मी हितं," ती म्हणाली. "घरात कोंडायला काय अक्कल लागती?"

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मॅट्रिक पास होते ना!

ही विद्या ती बाहत्तरच्या दुष्काळात शिकली होती. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली, तर मुकादमानं तिला बायकांची लेकरं राखायला बसवलं. बाभळीच्या चाळणीसारख्या सावलीत लुगड्यांच्या झोळ्या, आणि सगळ्या झोळ्यांना मिळून ही एक. त्या दिवसांबद्दल ती फार बोलायची नाही. बोललीच तर पैलवानानं मांडी थोपटावी तसं गुडघ्यावर थाप मारून म्हणायची, "एकबी लेकरू उनाला दिलं न्हाय." आणि पुढं एक वाक्य हमखास: "रडणाऱ्या पोराची काळजी न्हाय. गप बसलेलं पोर आदी बघायचं."

हे वाक्य मी निदान दहा वेळा ऐकलं असेल. तरी कामाच्या वेळी आठवलं नाही ते नाहीच.

माझी मंगल तेव्हा पाच वर्षांची. वैशाखात गल्लीतलंच लग्न होतं. माझ्या भावानं तिला नायलॉनचा गुलाबी फ्रॉक आणला होता. झालरी, अस्तर, पाठीवर मोठा बो. आत्यानं तो आदल्या दिवशी बघितला आणि विचारलं, "पोरीला डब्यात घालून झाकण लावतीस व्हय?" मी मनात म्हटलं, हिला काय कळतंय फॅशनमधलं! आणि लग्नादिवशी आत्याचं ओलं फडकं त्या बोवर पडू नये म्हणून मी मंगलला मागच्या बोळातून मांडवात नेलं. एवढ्या हुशारीनं नेलं की रांजणाला पत्ता लागला नाही.

पोरं मांडवामागच्या उघड्यावर शिवाशिवी खेळत होती. मी बायकांत बसून माझ्या साडीचा काठ सगळ्यांना दिसेल असा धरला होता. भर दुपारी मंगल आली आणि माझ्याजवळ भिंतीला टेकून बसली. चेहरा लालबुंद, अंगाला घामाचा थेंब नाही. मी खूश! म्हटलं, बघा माझी लेक, फ्रॉकसुद्धा भिजवला नाही. थोड्या वेळानं ती काहीतरी असंबद्ध बरळायला लागली आणि मान टाकली. अंगाला हात लावला तर तव्यासारखं. शेजारची म्हणाली, "अगं, दृष्ट लागली. एवढा देखणा फ्रॉक!" मलाही ते पटलं. फ्रॉक देखणा होताच की! मी मीठ-मिरच्या आणायला चुलवणाकडं पळाले.

मूठ भरून परत येते तर आत्या आलेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. सगळी पोरं तिच्यापुढून गेली होती, एक जीभ बघायची राहिली होती, म्हणून ती हुडकत आली होती.

"ठेव त्या मिरच्या!" ती ओरडली. "पाणी आण. घागरीनं आण."

तिनं मंगलला सावलीत ओढलं, फ्रॉकचा गळा दातानं धरून टर्रकन फाडला आणि पोरीवर पाणी ओतलं. पंगतीच्या पत्रावळी घेऊन बायकांना वारा घालायला लावलं. सरबताचा बर्फ फडक्यात बांधून मानेला आणि काखेत धरला. मी रडत रडत मंगलच्या तोंडाला फुलपात्र लावायला गेले, तर माझ्या हातावर चापट बसली. "शुद्धीत न्हाय ती. घशात अडकंल. वरनं वत, आत न्हाय!"

मांडवाच्या तोंडाशी जीप उभी होती. नवरदेव बाशिंग बांधून मारुतीला निघाला होता. आत्यानं दार उघडलं.

"उतर, लेका."

"आत्या, मुहूर्त..." नवरदेवाचा बाप म्हणाला.

"मुहूर्त थांबतोय. ऊन थांबत न्हाय."

नवरदेव मुकाट उतरला. धाराशिवपर्यंत सगळ्या वाटेनं आत्या मंगलला भिजवत होती, मी पत्रावळ हलवत होते, आणि माझ्या दुसऱ्या मुठीत मीठ-मिरच्या तशाच होत्या. दवाखान्यात पोचल्यावर नर्सनं माझी मूठ उघडली तेव्हा मला ते कळलं. डॉक्टरांनी मंगलला तपासलं, सलाईन लावलं आणि विचारलं, "हिला आधी कुणी भिजवलं?" मी आत्याकडं बोट केलं. "त्यांच्यामुळं वेळ मिळाला," ते म्हणाले. आत्या कोपऱ्यात बसली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. तिनं नुसती गुडघ्यावर थाप मारली.

संध्याकाळी मंगलनं डोळे उघडून पाणी मागितलं. आत्या वाकली आणि म्हणाली, "आधी जीभ दाखव."

त्या दिवशी लग्न तासभर उशिरा लागलं. त्या जोडप्याला आता नातवंडं आहेत. ती दोघं सांगतात, आमचा मुहूर्त आत्यानं काढला. मंगल लातूरला असते, दोन पोरांची आई आहे. आणि मी? दुसऱ्या दिवसापासून रांजण भरायचं काम मी मागून घेतलं. फ्रॉकचा राहिलेला बो आत्यानं ओला करून एका पोराच्या डोक्यावर बांधला. मला मुद्दाम दिसेल असा.

पुढं पंधरा-सोळा उन्हाळे आम्ही दोघी त्या लिंबाखाली बसलो. तेवढ्या वर्षांत आमच्या मैदानावरचं एकही पोर उन्हानं अंथरुणाला खिळलं नाही. आणि एकाही पोराला आम्ही घरात कोंडलं नाही. हे सांगताना माझाही हात गुडघ्याकडं जातो.

मग एका उन्हाळ्याच्या तोंडावर आत्यानं अंथरूण धरलं. दुपार उलटल्यावर मी भेटायला गेले, तर घरातली सगळी माणसं भोवती बसलेली.

"रांजण मांडला?" तिनं विचारलं.

"मांडला."

"चपला?"

"सतरा झाल्या. एकीलाबी जोडी न्हाय."

ती हसली. मी म्हटलं, "आत्या, जीभ दाखवा." तिनं मुकाट्यानं जीभ काढली. कोरडी होती. मी चमच्यानं थेंब थेंब पाणी पाजलं. ते गिळून तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "तुजी?"

केस पिकायला लागलेली मी बाई, जावा-भावजयांच्या, जावयांच्या देखत जीभ काढून बसले. आत्यानं ती नीट निरखली, कितीतरी वेळ.

"वली हाय," ती म्हणाली. "जा आता. सावली लांब झाली आसंल."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. दोन दिवसांनी गेली. पण त्या दुपारी मी तिचं ऐकलं, उठले आणि लिंबाकडं चालू लागले. बाहेर माझी सावली खरंच माझ्याएवढी झाली होती. आणि रांजणापाशी एका पायात बापाची चप्पल घातलेलं एक पोर, कुणी न सांगता, जीभ बाहेर काढून माझी वाट बघत उभं होतं.