खुणेची दोरी

माझ्या पुतणीला सतरावं लागलं तरी घरीदारी सगळे तिला बारकीच म्हणत. मोठ्यांचं बोलणं सुरू झालं की तिला आत पाठवत. तिला ते फार लागायचं. मला म्हणायची, "काकू, माझे केस पिकले तरी यांचं बारकी सुटायचं नाही."

आमच्या घरचं काम विहिरी साफ करण्याचं. भावजी, म्हणजे तिचे वडील, काठावर खुणेची दोरी धरायचे आणि आमचे हे खाली उतरून गाळ काढायचे. उतरणाऱ्याच्या कमरेला जाड दोर असतो, तो रहाटावरची दोन माणसं सांभाळतात. खुणेची दोरी बारीक, ती त्याच्या मनगटाला. वरच्यानं मधूनमधून हिसका द्यायचा, खालून उलट हिसका आला की सगळं ठीक. नाही आला तर विचार करत बसायचं नाही, ओढायला सांगायचं. गाळ ढवळला की कधीकधी वाईट हवा सुटते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि माणसाला ओरडूही देत नाही.

त्या उन्हाळ्यात भावजींचा पाय मोडला. बारकीनं दोरी मागून घेतली. हे कुरकुरले, पण भावजी खाटेवरून म्हणाले, धरू दे, तिला सगळं पाठ आहे.

पहिल्याच उतरणीत हिसका उलट आला नाही, तसं तिनं लगेच ओढायला लावलं. हे लोंबकळत वर आले, हातात फावडं आणि तोंडात शिव्या. दोरी नुसती दगडाच्या खाचेत अडकली होती. रहाटावरचे दोघे पोट धरून हसले. एकानं तर विचारलं, अजून बाटलीनं दूध पितेस का गं. पुन्हा उतरताना हे म्हणाले, "परत असं केलंस तर उद्यापासून घरी बस. हे मोठ्या माणसाचं काम आहे."

पुढचं मला तिनंच सांगितलं. मी तेव्हा घरी भाकऱ्या थापत होते.

थोड्या वेळानं तिनं हिसका दिला. उत्तर नाही. पुन्हा अडकली असेल, असं तिनं मनाला सांगितलं. रहाटावरचा एकजण तिच्याकडेच बघत होता, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून. ओढा म्हणायच्या ऐवजी तिनं दुसरा हिसका दिला. दोरी हातात अशी सैल लागली, जणू तिच्या पलीकडच्या टोकाला कोणी नाहीच. खाली वाकून बघावं तर नुसता काळोख, आणि फावड्याचा आवाज थांबलेला. तो कधी थांबला, तेही तिला कळलं नव्हतं. ती देवाचं नाव घेऊ लागली. ते अर्ध्यात तोडून ओरडली, "ओढा!"

हे वर आले तेव्हा मान छातीवर पडली होती, ओठ निळे. सावलीत आडवं केलं, छाती दाबली, तोंडात वारा भरला, तेव्हा कुठे श्वास आला. देवानं राखलं. डावा हात मात्र अजून थरथरतो, ताटातलं सांडतं.

संध्याकाळी ह्यांना दवाखान्यातून घेऊन सगळे घरी आले. बारकी दारातच उभी राहिली, बोलणी खायच्या तयारीनं. कोणी एक शब्द काढला नाही. रहाटावरचे दोघेही मान खाली घालून निघून गेले. तिची भीती तेव्हा जास्त वाढली, पाय उंबऱ्याच्या आत पडेना.

भावजींनी तिला जवळ बोलावलं. ज्या आवाजात ते ह्यांच्याशी कामाचं बोलत, त्याच आवाजात म्हणाले, "पहिल्या हिसक्याला का नाही ओढलंस?"

"हसतील म्हणून."

भावजींनी आपला बांधलेला पाय हातानं उचलून बाजूला सरकवला. मग म्हणाले, "विहीर अर्धी राहिलीय. हवा मोकळी झाली की दुसरा माणूस उतरेल. दोरी तूच धरायचीस."

"बाबा, मला नाही जमणार. मला भीती वाटते."

"मलाही वाटते. रोज."

तिनं वळून माझ्याकडे बघितलं. लहान आहे हो ती, एवढंच मी म्हणावं, म्हणून बघत राहिली. शब्द माझ्या ओठांवर आलेही होते. मी मनातल्या मनात देवाला हाक मारली आणि गप्प राहिले.